कॅमेरा हलला पाहिजे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. दिग्दर्शक मोठा झाला की त्याच्या अशा वह्या लोक पुढे छापतात, म्हणून अक्षर जरा बरं काढतो आहे.

सुरुवात भांडणानं करावी लागते आहे, त्याला इलाज नाही. चाँद आणि मी आजपासून बोलत नाही. तेलगावच्या चौकात आमचा दोघांचा 'अभिचाँद डिजिटल' स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळं आम्हीच करतो. मी एडिटिंग करतो, चाँद कॅमेरा धरतो. हळदीला डीजे लागतो, नवरदेवाचे मित्र अंगावर येऊन नाचतात, पण चाँदची फ्रेम तसूभर हलत नाही. लोक बुकिंगलाच विचारतात, "चाँदभाई सोता येनार ना?" माझ्याबद्दल असं कुणी विचारत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मुद्दा पिक्चरचा आहे. बीडला एका संस्थेचा लघुपट महोत्सव आहे. त्यासाठी मी भयपट करणार आहे, तोही सापडलेल्या फुटेजचा. म्हणजे पिक्चर असा कुणी काढलेला नसतोच. एक माणूस शूटिंग करता करता गायब होतो, मागं त्याचा कॅमेरा सापडतो, आणि त्यात जे असतं तेच आपण बघतो. या प्रकाराची मोठी जमेची बाजू म्हणजे कॅमेरा जितका हलेल तितकं ते खरं वाटतं. हे मी चाँदला समजावून सांगितलं.

"म्हंजी म्या मुद्दाम हलवू?"

"हलवायचाच. भूत दिसल्यावर माणूस पळतो का नाही?"

"पळतो. पन कॅमेरा टाकून पळतो ना बे. शूटिंग कावून करत बसतो?"

मी म्हणालो, ही स्टाइल आहे. तो म्हणाला, ज्याला कॅमेरा धरता येत नाही त्यानं काढलेली स्टाइल दिसती. वर म्हणाला, "आन त्यो मानूस मेला तर एडिटिंग कुनी केली? पिक्चरला नाव कुनी टाकलं? भुतानं?"

मी म्हणालो की तू जन्मभर फेटे बांधतानाचेच शॉट घेत बस. तो उठला. ट्रायपॉड खांद्यावर टाकला, चालताना कॅमेरा हलू न देणारं गिंबल पिशवीत घातलं. दोन्ही त्याचीच. जाता जाता सवयीनं माझ्या कॅमेऱ्याची लेन्स शर्टाच्या टोकानं पुसली, मग आपण भांडलोय हे आठवून कॅमेरा टेबलावर आपटल्यासारखा ठेवला.

ठीक आहे. ट्रायपॉड नाही, गिंबल नाही, कॅमेरामन नाही. या प्रकारच्या पिक्चरला यातलं काहीच लागत नाही. ही आणखी एक जमेची बाजू.

५ फेब्रुवारी, बुधवार

लोकेशन मिळालं. धारूर रोडची बंद जिनिंग. पूर्वी इथं कापसातून सरकी काढायचे, आता नुसती गंजलेली यंत्रं, फाटकी पोती आणि चिमण्या. मालक विजयसिंह यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. म्हणाले, "भूत दावायचंच आसंल तर चांगल्या घरातलं दाव. आमच्या जिनिंगमदी कसलंबी भूत फिरतंय आसं नको व्हायला." मी शब्द दिला.

अडचण एकच. राखणदार म्हाळूकाका दिवस मावळायच्या आत गेटला कुलूप लावतात आणि आई मला रात्रीचं जिनिंगकडे फिरकू देणार नाही. म्हणून माझ्या पिक्चरमधलं भूत भर दुपारी बाराला येणार आहे. आपल्याकडे दुपारी बाराची वेळ वाईट असते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण पिक्चरवाले अजून रात्रीच्याच मागं लागलेत. मला वाटतं मी काहीतरी नवीन करतो आहे.

भुताचं काम म्हाळूकाकांच्या बायकोला दिलं. साखराबाई. अंगानं काटकी, पांढरे केस कमरेपर्यंत. मेकअपचीही गरज नाही. हे मी बोलून दाखवलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शूटिंगचा पहिला दिवस. शॉट असा: मी कॅमेरा घेऊन मागं मागं सरकतो आहे, मोठ्यानं धापा टाकतो आहे, आणि पोत्यांच्या थप्पीमागून केस मोकळे सोडलेली बाई येते.

साखराबाई आल्या त्या डोक्यावर पदर घेऊन. म्हटलं, पदर काढा, केस दिसले पाहिजेत. त्या म्हणाल्या, "आन मालक हुबं हायती न्हवं समोर." मालक म्हणजे त्यांचा नवरा. म्हाळूकाकांना गेटवर पाठवलं. परत शॉट लावला. आता केस मोकळे, चाल बरोबर, डोळे मोठे. अगदी जवळ आल्या, मला धापा टाकताना बघितलं आणि थांबून विचारलं, "जेवलास का रं?"

मी सांगितलं की भूत बोलत नाही. त्यापुढच्या वेळी त्या बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. त्यापुढच्या वेळी सगळं जमलं, पण मी मागं सरकताना खांबावर आदळलो.

गुडघ्याला हळद लावताना साखराबाई म्हणाल्या, "भूत आलं तर म्होरं बघून पळावं की बाबा. त्येचं शुटिंग कशापायी घेतुस?" आता हे चाँदनं यांना शिकवलेलं नाही. म्हणजे सामान्य प्रेक्षकाला हा प्रश्न पडणार. दुबळी बाजू म्हणून नोंद करून ठेवतो. उपाय: पळण्याचा वेग वाढवणे, म्हणजे विचार करायला वेळ मिळणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज शॉट चालू असतानाच एक कावळा खाली आला आणि सरळ माझ्या डोक्यावर बसला. साखराबाईंनी पायरीवर भाकरीचा तुकडा टाकला होता, त्याच्यावर त्याचा डोळा असावा. पंजे चांगलेच रुतले. मी ओरडलो, कॅमेरा हातातून सुटता सुटता राहिला. फुटेज उत्तम आलंय. आधी जमिनीवर कावळ्यासकट माझी सावली दिसते, मग सगळं गरागरा फिरतं. असा झटका ठरवून देता येत नाही. चाँदला तर जन्मात जमणार नाही.

साखराबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आईला सांग घरी गेल्यावर." मी म्हणालो, सांगायचं कशाला, दाखवतोच.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला फुटेज दाखवलं. ती माझी पहिली प्रेक्षक. भूत येतं तिथं म्हणाली, "साखरा लईच वाळली की रं." पण कावळ्याचा शॉट आला आणि तिचा चेहराच उतरला. तो शॉट तिनं परत परत लावायला सांगितला. "डोक्यावर बसला का खांद्यावर?" म्हटलं, डोक्यावर. "नीट बसला का नुसता शिवून गेला?" म्हटलं, चांगला बसला, पंजे रुतलेत.

त्यानंतर ती रात्री जेवलीही नाही. इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता. गंमत म्हणजे ज्या शॉटला भीती म्हणून मी धरतही नव्हतो, तिथंच प्रेक्षक घाबरला. याचा अर्थ हा प्रकार आतून काम करतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्टुडिओत एकटाच. तीन माणसं येऊन चाँदला विचारून गेली. त्यानं घरूनच कामं घ्यायला सुरुवात केली आहे. गुरुवारी धारूर रोडच्या मंगल कार्यालयात मोठं लग्न आहे, तिथं तो एकटा जाणार आहे म्हणे. जाऊ दे. मला त्याची आठवण येत नाही. फक्त चहा सांगताना तोंडातून दोन जातं आणि एक परत पाठवावा लागतो.

आई आज सारखी चौकशी करत होती की गुरुवारी मी कुठं असणार, किती वेळ, फोन चालू ठेवणार का. माझ्या कामात तिनं एवढा रस कधी घेतला नव्हता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणीतरी याबद्दल विचारेल.

सकाळी ट्रेलर टाकला. सुरुवातीला काळ्या पडद्यावर अक्षरं: 'हे फुटेज एका बंद जिनिंगमध्ये सापडलं. शूटिंग करणारा अजून सापडलेला नाही.' बटण दाबलं आणि लगेच फोन बंद केला. पिक्चरमधला माणूस गायब आहे, तर मीही दिवसभर गायब राहायला पाहिजे. आईला तसं सांगितलं. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "बंदच ठिव. आन चार वाजायच्या आत घरला येऊ नगंस. कुनाला तोंडबी दावू नगंस." मला भरून आलं. घरच्या माणसानं आपलं काम समजून घेणं ही साधी गोष्ट नाही.

जिनिंगमध्ये शेवटचा शॉट घ्यायचा होता. माणूस गेलेला आहे, कॅमेरा जमिनीवर आडवा पडलेला आहे आणि चालूच आहे. समोर नुसती रिकामी फरशी. मी कॅमेरा यंत्राजवळ आडवा टाकला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आवाज नको म्हणून निघून गेलो. साखराबाईंच्या भावाच्या शेतात शेवटचा हुरडा होता, त्यांनी जेवायलाही बोलावलं होतं. म्हाळूकाकाही आले. गेट नुसतं लोटून ठेवलं.

परत येऊन बघतो तर आडवा टाकलेला कॅमेरा पोत्याला टेकवून नीट उभा केलेला, आणि बॅटरी संपलेली. कुणीतरी भला माणूस आत आला असणार. भयपट बिघडतात ते अशा भल्या माणसांमुळे. तसाच कॅमेरा पिशवीत टाकला.

चार वाजता घरी आलो आणि दारातच थबकलो. अंगण चपलांनी भरलेलं. लिंबागणेशहून छबुआत्या जीप करून आली होती, सोबत तिच्या भावकीतल्या बायका. सगळ्यांच्या हातात चहा, पण डोळ्यांना पदर लावलेले होते हे कळत होतं. मला बघून आत्या उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आलं गं माझं लेकरू माघारी." आईनं माझ्या तोंडात साखर घातली. बायकांनी नव्यानं पदर डोळ्यांना लावले.

मला क्षणभर काही कळेना. मग लख्ख कळलं. ट्रेलर.

एका मिनिटाचा ट्रेलर, आणि लिंबागणेशहून माणसं जीप करून रडत आली. त्यांना ते खरं वाटलं. मी मेलो असंच त्यांना वाटलं. आणि दहशत इतकी की एकानंही पिक्चरचं नाव काढलं नाही. ही या प्रकाराची खरी ताकद. मोठमोठे सेट लावून, पार्श्वसंगीत वाजवून जे जमत नाही ते एका हलत्या कॅमेऱ्यानं जमतं. चाँदनं हे बघायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चौकात कळलं की काल धारूर रोडच्या लग्नात चाँद भर मंगलाष्टकात कॅमेरा टाकून निघून गेला. अक्षता पडल्या त्याचं शूटिंगच नाही. नवरीचा बाप त्याला शोधत फिरतो आहे. मला बरं वाटलं असं लिहिणं शोभत नाही, पण वाटलं. स्थिर हात, स्थिर हात म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. लग्न सोडून जाणं हे कसलं धंद्याचं इमान? मी पिक्चरच्या मागं लागलो असेन, पण मंगलाष्टक कधी चुकवलेलं नाही.

घरी येऊन आत्याला विचारलं की ट्रेलरमधला कुठला शॉट जास्त लागला. पुढच्या एडिटिंगला उपयोग झाला असता.

"कसला टेलर?" आत्या म्हणाली.

मग जे कळलं ते असं. कावळा डोक्यावर बसला की त्या माणसावर मरण आलंच समजायचं. ते टाळायचं तर तो गेला असा खोटा निरोप पावण्यारावळ्यांना धाडायचा. ते रडले की मरण फसतं, मागं फिरतं. मग खरं सांगायचं, चहा करायचा. रडणं होईतोवर त्या माणसानं कुणाला तोंड दाखवायचं नाही. फोन बंद ठेव, चारच्या आत येऊ नको, हे सगळं त्यासाठी होतं.

मी फोन काढून बघितला. ट्रेलर गेलाच नव्हता. बटण दाबून लगेच फोन बंद केला, त्यामुळे तो तिथंच गोल गोल फिरत राहिला होता. आख्ख्या जगात माझा ट्रेलर एकाही माणसानं बघितलेला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आत्या पुढं म्हणाली, "आन म्या तरी कुठं रडले? तुझी आई फोनवर म्हनली, वन्सं, अभिमन्यू गेला. आन लगीच म्हनली, तुमच्याकडच्या तुरी कशा हायत. म्हनलं ह्ये कावळ्याचं दिसतंय. मंग जीपमदी समद्या बायांला सांगितलं आन उतरल्यावर गळा काढला. रीत हाय ती."

आतमध्ये आईच्या हातातली उलथणी थांबली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईनं आज मला मोटारसायकलला हात लावू दिला नाही. जिनिंगमध्ये जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, विहिरीकडे तर नाहीच. तिचं म्हणणं, खरं कुणी रडलंच नाही. आत्या आणि तिच्या बायका जाणूनबुजून रडल्या, ते धरता येत नाही. आईला स्वतःला माहीतच होतं, म्हणून तिचंही धरता येत नाही. आता परत कुणाला फोन करावा तर कोण खरं मानणार?

शेजारच्या मुनिराचाचीही दोन दिवस आईशी बोलत नाहीत. या चाँदच्या आई. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत आहे आणि आजवर वाटी इकडची तिकडे गेली नाही असा दिवस नाही. चाँदनं घरी माझ्याविरुद्ध काहीतरी भरवलेलं दिसतं.

मी आईवर चिडलो. म्हटलं, या जमान्यात कावळ्याला कोण घाबरतं? ती दारात बसली होती. म्हणाली, "तुझ्या बापाच्या डोक्यावर बसलता तवा म्या हासलेते." एवढंच. बाबा त्याच वर्षी गेले हे मला माहीत आहे. घरातच बसून राहिलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

बसून काय करायचं म्हणून बॅटरी चार्ज केली आणि गुरुवारचा शेवटचा शॉट काढून बघितला.

बराच वेळ रिकामी फरशी. एक चिमणी. वारा. शॉट चांगला आहे, जरा अंधारा. मग बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज, गेटचा आवाज, आणि कुणीतरी हाक मारतं, "अभ्या." परत, मोठ्यानं, "अभ्या बे."

चाँद आहे. लग्नातला गुलाबी फेटा डोक्यावर तसाच. तो यंत्रांमागं बघतो, पोती ओढून बघतो, फ्रेमच्या बाहेर जातो, परत येतो. फेटा सुटत चाललाय, त्याचा शेव मागं फरशीवरून घसरतोय. तोंड फोकसमध्ये नाही. उजेड मागून येतोय त्यामुळं काळं दिसतंय. आवाजात वारा आहे. तांत्रिक दृष्ट्या शॉट वाया गेलेला आहे. मग त्याला कॅमेरा दिसतो आणि तो जागच्या जागी खाली बसतो.

तो रडतो. फेट्याच्या शेवात तोंड खुपसून, लहान पोरासारखा हुंदके देत. मी त्याला पहिलीपासून ओळखतो. त्याचे वडील गेले तेव्हा मी शेजारी उभा होतो, तेव्हाही असा रडला नव्हता.

मग तो सरकत येतो, कॅमेरा उचलतो, आणि शर्टाच्या टोकानं लेन्स पुसतो. पोत्याला टेकवून नीट उभा करतो. "येवढा कॅमेरा आसा भुईवर टाकलास," म्हणतो. "जित्ता सापड तू, मंग दावतो तुला." तेवढ्यात फोन वाजतो. मुनिराचाचींचा. तो ऐकतो. मग नाक ओढतो आणि अगदी साध्या आवाजात म्हणतो, "मेरेकू मालूम था अम्मी, झूट हय." आणि उठून जातो.

सगळा उलगडा झाला. आईचा फोन भिंतीपलीकडे चाचींनी ऐकला आणि खोटा निरोप आहे हे कळायच्या आत मुलाला कळवून टाकला. चाँद लग्न का सोडून गेला आणि त्याच रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये मला शोधायला का आला तेही कळलं. काल-परवा मी त्याच्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडणार होतो, पण राहू दे, वाचून लाज वाटलेली बरी.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. जन्मभर कॅमेरा हाताळलेला माणूस, लेन्स पुसतो, आणि त्याच्या नाकासमोर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलाय तो त्याला दिसत नाही.

आईला बोलावून दाखवलं. तिनं सगळं बघितलं आणि पडद्यालाच हात जोडले. "झालं. रडलं रं कुनीतरी." मग आत जाऊन रवा भाजायला घेतला, आणि शिऱ्याची वाटी घेऊन मुनिराचाचींकडे गेली. दोघींचं भांडण आणि रडणं एकदमच ऐकू आलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर एकच विचार. माझ्या पिक्चरला हाच शॉट पाहिजे होता. शूटिंग करणारा गायब, त्याला शोधत आलेला मित्र, सुटलेला फेटा. शूटिंग चालूच का ठेवलं, हा प्रश्न इथं कुणी विचारणार नाही, कारण कॅमेरा कुणाच्या हातातच नव्हता. हा शॉट टाकला तर बीडला पहिला नंबर ठेवलेला आहे. मी तीनदा पिक्चरमध्ये जोडून बघितला. तिन्ही वेळा माझ्याच अंगावर काटा आला.

मग कॅमेरा घेऊन चाँदकडे गेलो. तो दारात गिंबल पुसत होता. वर बघितलं नाही. मी शॉट लावून त्याच्या हातात कॅमेरा दिला. त्यानं शेवटपर्यंत बघितला.

"फोकस गेलाय," तो म्हणाला.

"तू लेन्स पुसल्यावर आला."

"हं." बराच वेळ गिंबलच पुसत राहिला. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "टाक पिक्चरमदी. चांगला हाय शॉट."

हो म्हणायलाच मी गेलो होतो. पण त्याचे कान लाल झालेले दिसले आणि तोंडातून निघालं, "न्हाई टाकत." तो माझ्यासाठी रडला होता, पिक्चरसाठी नाही. ते बीडच्या लोकांना खुर्च्यांवर बसवून दाखवायचं मला जमणार नाही.

"मंग कावून दावलास बे?"

"आईला दाखवला म्हणून तुलाही."

तो हसला. म्हणाला, "मंग त्यो शॉट परत घिऊ. म्या रडतो."

२० फेब्रुवारी, गुरुवार

चाँदला रडता येत नाही. कांदा लावून बघितला, डोळ्यांत बाम घालून बघितला. तो "आं आं" करून ओरडतो आणि मध्येच थांबून विचारतो, बरोबर का? साखराबाई भुताच्या वेषात पोत्यांमागं हसून हसून खाली बसल्या. म्हाळूकाकांनाही हसू आवरेना, म्हणून त्यांना परत गेटवर पाठवलं.

शेवटी तो शॉटच काढून टाकला. बाकीचं सगळं नव्यानं घेतलं, कारण चाँदनं माझं आधीचं फुटेज बघितलं आणि त्याला मळमळलं. आता कॅमेरा तो धरतो आणि मी त्याच्या शेजारून धापा टाकत पळतो, म्हणजे आवाज माझा येतो. मी दर शॉटला ओरडतो, "हलव, हलव." तो म्हणतो, "हलवायलोय की." आणि हलवत नाही. त्याचा हातच हलत नाही, तो तरी काय करणार.

साखराबाईंनी आजही जवळ येऊन विचारलं, "जेवलास का रं?" चाँद म्हणाला, राहू दे, मला आवडलं. वेळही नव्हता. राहू दिलं.

दुपारी धारूर रोडच्या त्या नवरीच्या बापाकडे दोघं गेलो. मी म्हटलं, चूक आमच्या घरची आहे. कावळ्याचं सांगितल्यावर तो गृहस्थ एकदम नरमला. त्याच्या चुलत्याच्या डोक्यावरही बसला होता म्हणे. नवरा-नवरीला सत्यनारायणाला परत बाशिंग बांधून उभं करायचं आणि अक्षता टाकायच्या असं ठरलं.

२ मार्च, रविवार

बीडहून आत्ताच आलो. नंबर आला नाही.

पिक्चर झाल्यावर परीक्षक स्टेजवरून एकेका पिक्चरच्या चांगल्या-वाईट बाजू सांगत होते. आमचा आला तेव्हा मी श्वास धरून बसलो. ते म्हणाले, भर दुपारचं भूत ही कल्पना नवी आहे. ते मोकळ्या केसांचं भूत जवळ येऊन मायेनं "जेवलास का रं" असं विचारतं, तिथं आपल्याला घाम फुटला, असा संवाद फार विचार करणाऱ्या दिग्दर्शकालाच सुचतो. मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. चाँदनं मला कोपर मारलं.

मग म्हणाले, पण एक मूलभूत दोष आहे. हा माणूस एकटा आहे, जिवाच्या आकांतानं पळतोय, आणि कॅमेरा मात्र लग्नातल्यासारखा स्थिर. नीट ऐकलं तर पावलंही दोन माणसांची ऐकू येतात. सबंध पिक्चरभर असं वाटत राहतं की याच्यासोबत कुणीतरी आहे, याला काही होणार नाही. भयपटात असं वाटून चालत नाही.

चाँदनं कानाशी येऊन विचारलं, "चांगलं म्हनलं का वाईट?"

मी म्हणालो, वाईट.

बाहेर आल्यावर आईला फोन लावला. तिनं विचारलं, नंबर आला का. म्हटलं, नाही आला.

"चाँद कुठं हाय?"

"हा काय, गाडी काढायलाय."

"मंग या दोघं. भाकरी टाकते."